सहकाराचे गणित मांडणारा प्रोग्रामर

जुन्नर-आंबेगाव परिसरात सहकार म्हटले की विघ्नहर व भीमाशंकर हे साखर कारखाने आठवतात. खोडदच्या माळावरील सहकार निराळा आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीची नियंत्रणयंत्रणा स्वतंत्र. तरीही त्या सर्व मिळून एकाच दुर्बिणीचे काम करतात. स्वतंत्रपणे चालणाऱ्या संगणकीय आज्ञावलींनी परस्परांशी जुळवून कसे घ्यावे, या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत एड्स्गर डाइक्स्ट्रा अग्रणी होते.

१९३० साली रॉटरडॅमला जन्मलेले डाइक्स्ट्रा लायडन येथे भौतिकी शिकत असताना १९५१ मध्ये केंब्रिजच्या आज्ञावलीलेखन वर्गाला गेले व पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात रुजू झाले. १९५७ साली विवाहनोंदणीत त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला. असा व्यवसायच नसल्याने तो नामंजूर झाला! रकाना नाही म्हणून वस्तूही नाही, हा दप्तरी न्याय हॉलंडलाही चुकलेला नाही.

आइंडहोव्हन येथे प्राध्यापक असताना, १९६५ च्या सुमारास, त्यांनी परीक्षेसाठी रचलेला एक प्रश्न पुढे जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचे कोडे म्हणून गाजला. गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ, दोघांच्या मध्ये एक याप्रमाणे पाच काटे. जेवायला मात्र प्रत्येकास दोन काटे हवेत. सर्वांनी एकदमच डावा काटा उचलला तर उजवा कोणालाच मिळत नाही आणि पाचही जण भरल्या ताटापुढे उपाशी राहतात. दोष कोणा एकाचा नव्हे, नियमाचा. काट्यांना क्रमांक देऊन लहान क्रमांकाचा काटा आधी उचलण्याचे बंधन घातले की एकाला उलट बाजूने आरंभ करावा लागतो व कोंडी फुटते. मंचर वा नारायणगावच्या शाळेतील संगणककक्षाला कुलूप असले तरी पाच मुले व पाच पट्ट्या घेऊन हा धडा शिकवता येईल. प्रयोगशाळेची सबब येथे टिकत नाही.

आरंभी विद्यार्थ्यांना यंत्रापासून दूरच ठेवावे, हा डाइक्स्ट्रांचा आग्रह मात्र टोकाचा होता. चूक स्वतः करून पाहण्यातही शिक्षण असते. ते स्वतः फाउंटन पेनने लिहीत. क्रमांक घातलेली १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. त्यांच्या छायाप्रती टपालाने मित्रांकडे जात व मित्र त्या पुढे पाठवीत.

१९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८४ पासून टेक्सास विद्यापीठात अध्यापन करून ते मायदेशी परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. अखेरचे टिपण त्याच वर्षीच्या एप्रिलमधले आहे.