न्यूटन आणि अंतकाळाचे गणित

आयझॅक न्यूटन म्हटले की सुशिक्षित माणसाला गुरुत्वाकर्षण आठवते, गतीचे नियम आठवतात आणि पाठ्यपुस्तकातले ते सफरचंदही आठवते. परंतु या शास्त्रज्ञाने पन्नासहून अधिक वर्षे बायबलचाही तितक्याच निष्ठेने अभ्यास केला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. त्यातही जुन्या करारातील दानीएल आणि नव्या करारातील प्रकटीकरण या दोन ग्रंथांवर त्याचे लक्ष खिळलेले होते. सात डोकी व दहा शिंगांचे श्वापद, गळून पडणारे तारे, रक्तवर्ण चंद्र आणि ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य अशी वर्णने प्रकटीकरणात येतात. ती शब्दशः खरी मानावयाची की रूपके म्हणून वाचावयाची, हा वाद फार जुना आहे. आणि तो केवळ पंडितांपुरता कधीच नव्हता.

न्यूटनचा जन्म तत्कालीन इंग्लिश कालगणनेनुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. देशात यादवी युद्ध पेटले होते. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचा होता. दानीएलच्या ग्रंथातील चार साम्राज्ये संपून आता ख्रिस्ताचे पाचवे साम्राज्य प्रत्यक्ष अवतरणार, असे मानणारा एक पंथ त्या काळी जोरात होता. जानेवारी १६६१ मध्ये या पंथाचा टॉमस व्हेनर मूठभर अनुयायांसह शस्त्रे घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरला. रक्तपात झाला आणि व्हेनर फासावर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. ग्रंथाचा अर्थ चुकला तर काय होते, याचा धडा त्या पिढीला असा ताजा मिळाला होता.

न्यूटनने वाच्यार्थाचा मार्ग पत्करला नाही. केंब्रिजमधील पूर्वसूरी जोसेफ मीड याच्या वाटेने जाऊन त्याने संदेष्ट्यांच्या भाषेचा जणू एक कोशच तयार केला. सूर्य म्हणजे राजा, आकाश म्हणजे सत्ताधारी वर्ग, पृथ्वी म्हणजे सामान्य प्रजा, भूकंप म्हणजे राज्यांची उलथापालथ, श्वापद म्हणजे एखादे साम्राज्य, आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष. मात्र प्रतीकांचा अर्थ ज्याने त्याने आपल्या लहरीप्रमाणे लावावा, हे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने अर्थनिर्णयाचे नियम लिहून काढले. जो अर्थ साधा व सुसंगत तो ग्राह्य, ओढूनताणून लावलेला त्याज्य, हा त्यांचा गाभा. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये निसर्गाचा अर्थ लावतानाही त्याने अशाच साधेपणाचा आग्रह धरला. अर्थात या शिस्तीलाही मर्यादा होत्या. श्वापदात त्याला रोमन चर्च दिसले, ते त्याच्या काळच्या प्रॉटेस्टंट पूर्वग्रहाला धरूनच होते.

या अभ्यासाची किंमतही मोठी होती. त्रैक्याच्या सिद्धांताला मूळ ग्रंथात आधार नाही, असे त्याचे मत १६७० नंतरच्या काही वर्षांत बनले. हे मत उघड झाले असते तर प्राध्यापकपद गेले असते. पदासाठी आवश्यक असलेली पाळकपणाची दीक्षा घेण्यातून त्याला १६७५ मध्ये राजाज्ञेने सूट मिळाली. बायबलच्या पाठात घुसडल्या गेलेल्या वचनांविषयीचे लेखन त्याने १६९० मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्याकडे पाठविले, आणि पुढे त्याचे प्रकाशन स्वतःच थांबविले. त्याच्यानंतर त्याच प्राध्यापकपदावर आलेला विल्यम व्हिस्टन अशाच मतांचा उघड पुरस्कार करू लागला, तेव्हा १७१० मध्ये त्याची केंब्रिजमधून हकालपट्टी झाली. न्यूटन त्या वेळी लंडनला सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. तो गप्प राहिला.

वाच्यार्थाचा दुसरा अनुभव त्याच्या अगदी निकट आला. निकोलस फातिओ हा स्विस गणिती एके काळी त्याचा जिवलग मित्र. फ्रान्समधून लंडनला आलेल्या निर्वासित भविष्यवाद्यांच्या नादी तो लागला, आणि १७०७ मध्ये त्याला भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले. या मंडळींनी आपला एक मृत सहकारी १७०८ च्या मे महिन्यात अमुक दिवशी कबरीतून उठेल, असे जाहीर केले होते. लोक जमले; कबर तशीच राहिली.

अशा वातावरणात न्यूटनने एका टिपणात हिशेब मांडला. प्रकटीकरणातील १२६० दिवस म्हणजे १२६० वर्षे. रोममध्ये शार्लमेनचा राज्याभिषेक झाला ते इ. स. ८०० हे वर्ष आरंभ धरले, तर शेवट २०६० मध्ये येतो. हा शेवट सृष्टीच्या विनाशाचा नव्हे, तर भ्रष्ट धर्मसत्तेचा. शिवाय मुदत याहून लांबू शकेल, पण अलीकडे येण्याचे कारण दिसत नाही, असे सांगून अंताच्या तारखा जाहीर करणाऱ्यांना आळा घालणे हा आपला हेतू त्याने नोंदविला. भविष्य आधी कळावे म्हणून हे ग्रंथ दिलेले नाहीत. घटना घडून गेल्यावर त्यांचा अर्थ उलगडावा, ही त्याची धारणा होती.

१७२७ मध्ये तो निवर्तला. या विषयावरील त्याचे पुस्तक १७३३ मध्ये निघाले, पण बहुतेक कागद पेटीतच राहिले. १९३६ मध्ये लंडनला त्यांचा लिलाव झाला. पांगलेल्या कागदांपैकी बरेचसे अर्थशास्त्रज्ञ केन्स याने मिळविले. धर्मविषयक कागदांचा मोठा भाग पुढे जेरुसलेमच्या ग्रंथालयात पोचला. २००३ मध्ये ते टिपण वृत्तपत्रांच्या हाती लागले, आणि न्यूटनच्या मते २०६० मध्ये जग बुडणार, असे मथळे झळकले. तारखांचा बाजार थांबविण्यासाठी लिहिलेला आकडाच बाजारात आला. ज्याने ग्रहांच्या गती मोजल्या त्यानेही कोठे मोजणे थांबवावे हे ओळखले होते; मथळे वाचणाऱ्यांनी आकडा तेवढा उचलला, त्यामागील संयम मात्र वाचलाच नाही.