मळलेली वाट सोडणारा माइल्स

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी अमेरिकेत वुडस्टॉकचा रॉक महोत्सव संपला. लाखो तरुण चिखल तुडवत घरोघरी परतले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ४३ वर्षांचा एक ट्रम्पेटवादक डझनभर साथीदारांसह ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला. तीन दिवसांच्या त्या मेहनतीतून ‘बिचेस ब्रू’ हा अल्बम घडला आणि जॅझच्या घराण्यात उभी फूट पडली. तो वादक म्हणजे माइल्स डेव्हिस.

२६ मे १९२६ रोजी इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे जन्मलेल्या माइल्सचे वडील दंतवैद्य होते. घरात सुबत्ता होती. पण कृष्णवर्णीयाच्या वाट्याला येणारी अवहेलना पैशाने टळत नव्हती. १९४४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत दाखल झाला. खरे शिक्षण मात्र झाले ते रात्रीच्या क्लबांत, चार्ली पार्करच्या साथीला उभे राहून. पुढे तो हेरॉइनच्या विळख्यात सापडला आणि जिद्दीने त्यातून बाहेरही आला. १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमने त्याला शिखरावर नेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, ज्या बर्डलँड क्लबमध्ये तो वाजवत होता त्याच्याच दारात पोलिसांनी त्याला रक्तबंबाळ केले.

साठचे दशक सरता सरता जॅझचा श्रोता आटू लागला. तरुणाई रॉककडे वळली आणि माइल्सच्या अल्बमचा खपही घसरला. जुन्या कीर्तीवर उर्वरित आयुष्य सुखाने काढणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते नाकारले. पत्नी बेटी मेब्री हिच्यामुळे जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांच्या संगीताशी त्याची जवळीक झाली होती. विजेच्या वाद्यांतली ताकद त्याने ओळखली.

‘बिचेस ब्रू’च्या बहुतेक रचनांत दोन ड्रमवादक, दोन बासवादक आणि दोन किंवा तीन इलेक्ट्रिक पियानो एकाच वेळी वाजतात. माइल्सने वादकांच्या हाती पूर्ण लिहिलेली स्वरलिपी दिली नाही. एखादा ठेका, एखादा सूर, एखादी खूण एवढ्यावर त्यांनी वाजवत राहायचे आणि ध्वनिफीत फिरत राहायची, अशी ती पद्धत होती. नंतर निर्माता टिओ मॅसेरो याने त्या फिती कापून, जोडून, काही तुकडे पुन्हा पुन्हा योजून रचना उभ्या केल्या. संपादनाची कात्री हेही वाद्य ठरले.

मार्च १९७० मध्ये हा दोन तबकड्यांचा अल्बम बाजारात आला. माइल्सने पैशासाठी जॅझ विकले, असा आरोप झाला. १९७१ मध्ये याच अल्बमला ग्रॅमी मिळाले आणि अमेरिकेतील त्याच्या खपाने कालांतराने दहा लाखांचा टप्पा गाठला. त्याहून मोठे यश त्याच्या साथीदारांनी मिळवले. जो झविनुल आणि वेन शॉर्टर यांनी ‘वेदर रिपोर्ट’, तर चिक कोरियाने ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ हा वाद्यवृंद उभारला. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने आधी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ आणि नंतर मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ची स्थापना केली. तोच ‘शक्ती’ समूह २०२४ मध्ये ग्रॅमीचा मानकरी ठरला. ‘रेडिओहेड’सारख्या रॉक समूहानेही ‘बिचेस ब्रू’चे ऋण मान्य केले आहे.

माइल्सला स्वतःला ही वाटचाल सोपी गेली नाही. आजारपण आणि व्यसनांनी खचून १९७५ मध्ये त्याने मंच सोडला. सुमारे पाच वर्षे ट्रम्पेट जवळजवळ मुकाच राहिला. ऐंशीच्या दशकात तो परतला, तोही नव्या बाजाचे संगीत घेऊन. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे त्याचे निधन झाले. ज्यांनी त्याला जॅझचा द्रोही ठरवले, त्यांच्याही संग्रहात आज ‘बिचेस ब्रू’ अभिजात म्हणून विराजमान आहे. परंपरा जपण्याचा एक मार्ग ती मोडून पाहण्यातून जातो, हे त्याने शब्दांपेक्षा सुरांतून सिद्ध केले.