मेनो सायमन्स

कळतें पण वळत नाहीं, ही म्हण आपण सर्व जाणतों. परंतु ती थोर पुरुषांसही लागू पडते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याच्या नांवावरून मेनोनाइट मंडळ्या जगभर ओळखल्या जातात, त्या मेनो सायमन्सचीं सुमारें अकरा वर्षें अशाच स्थितींत गेलीं. म्हणूनच त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मन लावून वाचण्याजोगें आहे.

मेनोचा जन्म १४९६ च्या सुमारास नेदरलँड्समधील फ्रीसलंड प्रांतांत, विटमार्सम नांवाच्या खेड्यांत झाला. १५२४ मध्यें त्याला रोमन कॅथॉलिक मंडळींत धर्मगुरूची दीक्षा मिळाली व जवळच्याच पिंग्यम गांवीं त्याची नेमणूक झाली. नित्याचे विधि उरकावे व उरलेला वेळ सोबत्यांबरोबर पत्ते व मद्य ह्यांत घालवावा, असा त्याचा क्रम असे. पवित्र शास्त्र त्यानें तोंवर वाचलेंच नव्हतें. तें वाचल्यास आपली मति भ्रमेल, अशी त्याला भीति वाटे. पण लवकरच मिस्सा करीत असतां, हातांतील भाकर व द्राक्षारस हीं खरोखर ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतात काय, अशी शंका त्याच्या मनांत आली. हें सैतानाचेंच काम, असें समजून त्यानें ती दडपून पाहिली; शेवटीं मात्र त्यानें नवा करार हातीं घेतला.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं एक चळवळ उदयास आली होती. बाप्तिस्मा तान्ह्या बालकास न देतां स्वतः विश्वास धरणाऱ्यास द्यावा, ह्या मतास अनुसरून ता. २१ जानेवारी १५२५ रोजीं कॉनराड ग्रेबेल व त्याचे सोबती ह्यांनीं आपसांत बाप्तिस्मा घेतला. ह्या लोकांना पुनर्बाप्तिस्मी म्हणूं लागले. १५२९ मध्यें स्पायर येथील साम्राज्यसभेनें त्यांना देहान्ताची शिक्षा ठरविली. १५३१ मध्यें फ्रीसलंडांतील लेवार्डेन शहरीं सिके नांवाच्या एका शिंप्याचा ह्याच कारणासाठीं शिरच्छेद झाला. ती वार्ता ऐकून मेनो चकित झाला. त्यानें शास्त्र धुंडाळलें, लूथर आदि सुधारकांचे ग्रंथ पाहिले, आणि बालकांच्या बाप्तिस्म्यास शास्त्राचा आधार नाहीं, अशी त्याची खात्री झाली. परंतु त्यानें आपलें पद सोडलें नाहीं. उलट, विटमार्सम येथें अधिक मानाची व प्राप्तीची जागा मिळतांच तो तेथें गेला. उत्तम उपदेशक म्हणून त्याचा लौकिक झाला, आणि मनाला न पटणारे विधि तो पूर्ववत् करीत राहिला.

त्याला जागें केलें तें दुसऱ्यांच्या मरणानें. १५३४ मध्यें ह्या पंथांतील कांहीं उन्मत्त पुढाऱ्यांनीं जर्मनींतील म्युन्स्टर शहर बळकावून तेथें तरवारीच्या जोरावर आपलें राज्य स्थापिलें. १५३५ च्या वसंत ऋतूंत त्यांच्याच मतानें भारलेल्या सुमारें ३०० लोकांनीं बोल्सवार्ड गांवाजवळील एका मठाचा ताबा घेतला. सरकारी सैन्यानें तो मठ जिंकला व त्यांपैकीं बहुतेकांचा अंत झाला. मेनोनें ह्या हिंसेचा निषेध केला होता. तरी त्यांचें रक्त त्याला स्वस्थ बसूं देईना. हे भोळे लोक चुकीच्या समजुतीसाठींही प्राण देतात, आणि आपण सत्य कळूनही वेतन व मान ह्यांसाठीं मूग गिळून बसलों, हा विचार त्याच्या अंतःकरणास जाळूं लागला. कांहीं महिने त्यानें व्यासपीठावरून उघड उपदेश केला आणि १५३६ च्या जानेवारींत पद, वेतन व घर ह्या सर्वांचा त्याग केला.

पुढें ओबे फिलिप्स ह्या वडिलानें त्याला मंडळीचा वडील नेमलें. कांहीं वर्षांनीं ओबे स्वतः पंथ सोडून गेला. मेनो मात्र राहिला. म्युन्स्टरच्या अनर्थानें विस्कटलेल्या कळपास त्यानें एकत्र केलें, आणि ख्रिस्ताच्या शिष्यानें तरवार धरूं नये, हें तत्त्व त्यांच्या मनावर बिंबविलें. त्याला आसरा दिल्याबद्दल १५३९ मध्यें त्यार्ड नांवाच्या शेतकऱ्यास देहान्त शिक्षा झाली. १५४२ मध्यें बादशहा पांचवा चार्ल्स ह्यानें मेनोस पकडून देणारास १०० सुवर्ण गिल्डरांचें बक्षीस जाहीर केलें. पत्नी खेर्त्रुद व लहान मुलें ह्यांना सहा महिने निर्धास्त राहतां येईल अशी एक झोंपडीही मिळूं नये, अशी त्याची दशा झाली. तशांतही त्याचें लेखन चालूच होतें. आपल्या पुस्तकांवर तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांतील, पायाविषयींचें अकरावें वचन छापीत असे.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. मंडळीची शुद्धता राखण्यासाठीं बहिष्काराचा नियम त्यानें उत्तरोत्तर कडक केला. वाळीत टाकलेल्या मनुष्याशीं पतिपत्नींनींही संबंध ठेवूं नये, ह्या मताला त्यानें अखेर संमति दिली, आणि त्या वादानें मंडळींत फूट पडली. स्वतः इतका छळ सोसलेला मनुष्यही दुसऱ्यांशीं कठोर होऊं शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अखेरीस उत्तर जर्मनींत होल्स्टाइन प्रांतांतील एका सरदारानें त्याला आपल्या जहागिरींत आश्रय दिला. तेथें ता. ३१ जानेवारी १५६१ रोजीं, पद सोडल्यास २५ वर्षें झालीं असतां, मेनो मरण पावला. त्याला त्याच्या बागेंतच पुरलें. पुढें तीस वर्षांच्या युद्धांत तें गांव उद्ध्वस्त झालें.

परंतु त्याचें कार्य टिकलें. १८९९ मध्यें अमेरिकेंतील मेनोनाइट मिशनरी मुंबईस उतरले व नागपूर ज्याची राजधानी होती, त्या तत्कालीन मध्य प्रांतांत धमतरी येथें गेले. तेथें त्यांनीं दुष्काळपीडितांची व अनाथ मुलांची सेवा केली. आज ह्या परंपरेंतील बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांची संख्या जगांत २० लाखांहून अधिक आहे.

विद्यार्थीमित्रांनो, मेनोला सत्य कळलें तें ग्रंथांच्या वाचनानें. तें वळलें मात्र, जेव्हां त्यानें आपल्या सुखाची किंमत दुसऱ्यांच्या रक्ताशीं ताडून पाहिली तेव्हां. आपणांस कळलेलें असूनही आपण जें करीत नाहीं, त्याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा, आणि त्यासाठीं अकरा वर्षें थांबूं नये.