झोपेसाठी एक पेग

‘पाकिझा’ तुम्ही पाहिला नसेल, पण मीनाकुमारीचं एखादं रील मोबाईलवर नक्की येऊन गेलं असेल. हा सिनेमा ४ फेब्रुवारी १९७२ला मुंबईत मराठा मंदिरला लागला आणि ३१ मार्चला ती गेली. वय ३८. कारण लिव्हर सिरॉसिस.

मूळ नाव महजबीन. घरात पैशांची चणचण, म्हणून सहाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभी. ‘बैजू बावरा’साठी फिल्मफेअर. १९६२च्या सिनेमांसाठी तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं तिचीच! जिंकली ती ‘साहिब बीबी और गुलाम’मधल्या छोटी बहूसाठी, म्हणजे दारूत बुडणाऱ्या बाईसाठी. खऱ्या आयुष्यातही तेच घडत होतं. झोप येत नव्हती; डॉक्टरांनी झोपेसाठी ब्रँडी सुचवली, असं सांगतात. एका पेगचे किती झाले, ते कुणी मोजलं नाही. १९६८मध्ये ती उपचारांसाठी लंडनला, डॉ. शीला शेरलॉक यांच्याकडे गेली. परत येऊन तिने अर्धवट राहिलेला ‘पाकिझा’ पूर्ण केला. नाचायचं त्राण नव्हतं, मग काही नाचांत तिच्याऐवजी पद्मा खन्ना नाचल्या.

आता लिव्हरकडे बघा. आतड्यातून येणारं रक्त आधी इथे गाळलं जातं. इथल्या पेशी त्यातले जंतू खातात. जंतूंशी लढणारी कितीतरी प्रथिनंही इथेच तयार होतात. सिरॉसिसमध्ये लिव्हरवर व्रण पडून ते कडक होतं, रक्त आडवाटेने निघतं आणि जंतू थेट शरीरात पसरतात. पोटात पाणी साचलं, तर त्यातही संसर्ग होतो. वर सतत मरणाऱ्या आणि नव्याने वाढणाऱ्या पेशींत कधीतरी गडबड होते आणि कॅन्सर सुरू होतो. तोही गुपचूप, दुखत-बिखत नाही. म्हणूनच सिरॉसिसच्या पेशंटला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात.

आपल्या शहराच्या एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत, त्यामुळे ‘बिअर म्हणजे दारू थोडीच’ हे कट्ट्यावर रोज ऐकू येतं. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही, बरं का! आणि न पिणाऱ्यांनीही निवांत राहू नये. माझे मामा थेंबभर घेत नाहीत, तरी त्यांच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर आलंच. हिपॅटायटिस बी आणि सीसुद्धा तिथेच नेऊन सोडतात. बीची लस आहे, सीची नाही. पण सी गोळ्यांनी बरा होतो.

घरात कुणाला सिरॉसिस असेल आणि ताप आला, पोट फुगलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री घाटी गाठा.