इंजिनची खटखट थांबवणारा माणूस: थॉमस मिजलीची गोष्ट

फोनला अपडेट आला की आपण तो रात्री चार्जिंगला लावतो, 'इन्स्टॉल' दाबतो आणि झोपून जातो. आता गाड्यांनाही अपडेट येतात. घाट चढताना इंजिनमधून येणारी खटखट कधी कधी सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडून, एकही नट न उघडता बंद होते, असं मी सांगितलं की बऱ्याच जणांना पटत नाही. आवाज लोखंडातून येतोय, मग सॉफ्टवेअर काय करणार?

हे समजावण्यासाठी मी आज एका माणसाचं आयुष्य सांगणार आहे. थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी याच खटखटीवर इलाज शोधला. इलाज पहिल्या दिवसापासून चालला. त्यातून सुटायला मात्र जगाला पुढची शंभर वर्षं लागली.

आधी समजून घेऊ, नॉकिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून बाहेरच्या बाजूला पसरत जाते. सगळं नीट असेल तर हा दाब पिस्टनला जोरात पण सलग ढकलतो. पण कधी कधी ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णता आणि दाबामुळे आपोआप पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते आणि खट्‌ असा आवाज येतो. हेच नॉकिंग. ते फार काळ चाललं तर पिस्टनची वाट लागते. पेट्रोलची या आपोआप पेटण्याला तोंड देण्याची ताकद म्हणजे ऑक्टेन. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी ताकद आणि मायलेज जास्त, पण नॉकिंगचा धोकाही जास्त.

लाल रंगाचा अंदाज

मिजलीचा जन्म १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातला. १९११ मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९१६ मध्ये तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगकडे कामाला लागला. गाडीचं हँडल न फिरवता इंजिन चालू करणारा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवणारा हाच केटरिंग. त्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमुळेच इंजिन नॉक करतं, असा आरोप तेव्हा होत होता.

मिजलीने सिलिंडरमधला दाब मोजून पाहिला. दाबाचा झटका ठिणगी पडल्यानंतर येत होता. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इलाजाच्या मागे लागायच्या आधी त्याने आजार नक्की कुठे आहे ते शोधलं.

पुढचा अंदाज मात्र गमतीदार होता. लाल पानांचं एक रानफूल थंडी सरायच्या आत फुलतं, म्हणजे लाल रंग उष्णता लवकर शोषत असणार. मग इंधनच लाल केलं तर? स्टोअरमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून त्याने आयोडीन घातलं. नॉकिंग कमी झालं! नंतर खरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच फरक नाही. कमाल रंगाची नव्हती, आयोडीनची होती.

आयोडीन महाग होतं आणि धातू खात होतं. मग वर्षानुवर्षं एकेक रसायन तपासणं सुरू झालं. टेल्युरियमची संयुगं चालत होती, पण त्यांचा उग्र वास अंगाला आणि कपड्यांना चिकटून राहायचा. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, इंजिनात घातलं आणि खटखट गायब झाली. गॅलनभर पेट्रोलला जेमतेम ३ मिलिलीटर पुरायचं.

इथे रस्ता चुकला

शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. दुसरा पर्यायही मिजलीच्या हातात होता. अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल नॉक करत नाही, हे त्याने स्वतः तपासलं होतं. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतं आणि ते बरंच मिसळावं लागतं. शिशाचे चार थेंब पुरतात आणि त्याच्या वापरावर पेटंट घेता येतं. कंपनीने शिसं निवडलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला आलं. त्याचं नाव होतं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिजलीला शिशाचा त्रास झाल्यामुळे सुट्टी घेऊन फ्लोरिडाला जावं लागलं होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण दगावले, कित्येकांना हॉस्पिटलात हलवावं लागलं. त्यानंतर मिजली पत्रकारांसमोर आला, ते द्रव्य हातावर ओतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला. स्वतः आजारी पडून आलेला माणूस हे करत होता, हे मला विसरता येत नाही.

१९२५ मध्ये सरकारी परिषद झाली. ॲलिस हॅमिल्टनसारख्या तज्ज्ञांनी कडाडून विरोध केला. विक्री काही महिने थांबली. पण १९२६ मध्ये समितीने बंदीचं कारण दिसत नाही म्हटलं आणि शिसं जगभरच्या पंपांवर पोचलं. गाडीच्या धुरातून ते हवेत, मातीत आणि लहान मुलांच्या रक्तात गेलं. मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते सर्वात घातक.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९२८ मध्ये मिजलीच्या टीमने फ्रिजसाठी फ्रिऑन वायू बनवला. आधीचे वायू विषारी किंवा पेट घेणारे होते, म्हणून हा वरदान वाटला. हा वर्ग ओझोनचा थर खातो हे १९७४ मध्ये कळलं. जिवंतपणी मात्र मिजलीला मोठमोठे सन्मान मिळाले. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. बिछान्यातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली आणि २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. इंटरनेटवर त्याची गोष्ट बहुतेक इथेच संपवतात. पण खटखटीची गोष्ट इथे संपत नाही.

आज हेच काम सॉफ्टवेअर करतं

आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. समजा, तो इंजिनचा माइक आहे. नॉकिंगची ठराविक कंपनं त्याला जाणवली की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगी किंचित उशिरा टाकतो. दाब कमी होतो, खटखट थांबते. मग ईसीयू हळूहळू ठिणगी पुन्हा पुढे आणून पाहतो. हे चालत्या गाडीत सतत सुरू असतं.

कुठल्या वेगाला, किती लोडवर ठिणगी कधी टाकायची याचा तक्ता ईसीयूमध्ये असतो. कंपनीला काही परिस्थितीत तो तक्ता चुकतोय असं दिसलं, तर ती सुधारलेला तक्ता पाठवते. तोच अपडेट. म्हणून लोखंडाला हात न लावता आवाज जातो.

पण याचीही किंमत आहे. ठिणगी उशिरा टाकली की ताकद आणि मायलेज थोडं घटतं. आणि बेअरिंग झिजलं असेल किंवा सिलिंडरमध्ये कार्बन साचला असेल, तर अपडेट त्याचा इलाज नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरला तीन प्रश्न विचारा: आवाज नॉकिंगचाच आहे हे कसं तपासलं? अपडेटमध्ये नक्की काय बदललं? कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल टाकूनही आवाज येतोय का? आणि हो, अपडेट चालू असताना गाडीची बॅटरी पुरेशी चार्ज हवी. अर्ध्यात बंद पडलेला अपडेट ईसीयूलाच बसवू शकतो.

भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जगातला शेवटचा देश होता अल्जीरिया, २०२१ मध्ये. आणि मिजलीने तपासून बाजूला ठेवलेलं अल्कोहोल आज आपल्याच पंपावर आहे. पेट्रोलमधलं बरंचसं इथेनॉल उसापासून बनतं आणि महाराष्ट्रातले कित्येक साखर कारखाने ते बनवतात. त्याने ऑक्टेन वाढतो. जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि मायलेज यांचे प्रश्न त्यालाही आहेत, पण ते मोजता येतात आणि सुधारता येतात.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. सॉफ्टवेअरमधला तक्ता चुकला तर पुढच्या महिन्यात नवा तक्ता टाकता येतो. हवेत सोडलेलं शिसं परत गोळा करायचा अपडेट अजून कुणीही बनवलेला नाही. म्हणून कुठलाही 'फिक्स' चालला की मी आधी बघतो, तो मागे घेता येतो का.