परांड्याच्या गादीचा राखणदार : मलिक अंबर

माझे माहेर परांड्याचे. तिथला किल्ला आणि त्यावरच्या प्रचंड तोफा लहानपणापासून पाहिलेल्या. परंतु या किल्ल्यात एकेकाळी निजामशाहीची गादी होती आणि ती सांभाळणारा पुरुष समुद्रापलीकडून विकत आणलेला गुलाम होता, हे मात्र मला लग्नानंतर, वाचनाचा नाद लागल्यावर कळले. स्मरणिकेसाठी काही लिहा, असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा त्याचेच चरित्र सांगावेसे वाटले.

मलिक अंबराचा जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. आईबापांनीच गरिबीपायी त्याला विकले, असे सांगतात. हातोहात विकला जात तो बगदादच्या मीर कासिमकडे आला. या मालकाने त्याला लिहायला, हिशेब ठेवायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान वारल्यावर त्याच्या पत्नीने अंबराला मुक्त केले. ही बाई इतिहासात केवळ चंगीजखानाची विधवा म्हणून येते. पण भगिनींनो, तिने ते एक काम केले नसते तर पुढचा इतिहास घडला असता का?

1600 साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. तेव्हा अंबराने राजघराण्यातील मुर्तजा याला आपल्या परांड्यास गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. त्या मुलीची इच्छा कोणी विचारली असेल, असे मला वाटत नाही. राजा नावाचा, सत्ता अंबराची, हेही खरेच. पण मराठे शिलेदार हाताशी धरून, गनिमी काव्याने त्याने मोगलांना पंचवीस वर्षे दक्षिणेत पाय रोवू दिले नाहीत. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

मला मात्र लढायांपेक्षा त्याची दोन कामे मोठी वाटतात. पहिले म्हणजे जमिनीची मोजणी. कस पाहून प्रतवारी लावायची आणि त्याप्रमाणे सारा घ्यायचा, ही त्याची पद्धत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली. दुसरे काम खडकी गावाचे. 1610 मध्ये त्याने तेथे राजधानी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. नाव खडकी, आणि भुई तशीच खडकाळ! अंबराने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर, खापरी नळांतून शहरात आणले. ना मोट, ना बैल. 1616 मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले. नहरीचे पाणी पुढे कित्येक पिढ्या प्याल्या. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात डोक्यावर घागरी वाहून ज्यांचे केस विरळ झाले, त्या बायकांना या कामाची थोरवी वेगळी सांगायला नको.

1626 मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच्यामागे दहा वर्षांतच निजामशाही संपली. शहर मात्र राहिले.

आपण बायका माहेर सोडून परक्या घरी येतो आणि तेच घर आपले म्हणून सावरतो. पण आपल्याला माहेरची वाट तरी असते. अंबराला ती नव्हती. ज्या मुलखात तो बाजारातून आला, त्याच मुलखाला त्याने पाणी दिले. तेव्हा पोटापाण्यासाठी आपल्या गल्लीत कोणी परगावचे कुटुंब राहायला आले, तर ते कुठले, कोणाचे, हे विचारण्याआधी त्यांच्या घरी पाण्याची सोय झाली की नाही, एवढे आपण विचारावे.