मातीचे थर वाचणारे डॉ. सांकलिया

डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही, येरवड्याला आहे! आणि तिथे पोस्ट ग्रॅज्युएशन होतं, तेही आर्किऑलॉजीसारख्या विषयात. त्या विषयात तिथलं नाव ज्यांनी मोठं केलं, ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

10 डिसेंबर 1908 ला मुंबईत एका गुजराती घरात त्यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच वेदकालीन आर्क्टिक प्रदेशावरचं लोकमान्य टिळकांचं पुस्तक वाचून त्यांना प्राचीन काळाचं वेड लागलं. संस्कृत घेऊन बी.ए., फादर हेरास यांच्याकडे एम.ए., मग 1936 ला लंडनची पीएच.डी. तिथे असताना व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर त्यांनी काम केलं. खणायचं कसं, ते तिथे शिकले.

पण परत येऊन करायचं काय? आपल्याकडे तेव्हा या विषयाच्या नोकऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. 1934 ला बंद पडलेलं डेक्कन कॉलेज 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तिथे ते प्रोफेसर झाले आणि 1973 पर्यंत तिथेच राहिले.

विद्यार्थ्यांना घेऊन ते नदीकाठ पालथे घालायचे. 1950-51 ला संगमनेरजवळच्या जोर्वे गावात खणलं, तर तांब्याच्या कुऱ्हाडी आणि लाल भांड्यांवर काळी नक्षी! तोपर्यंत महाराष्ट्राचा इतिहास साधारण सातवाहनांपासून धरत. तो एका फटक्यात हजारएक वर्षं मागे गेला.

आपल्याला जवळचं म्हणजे इनामगाव. चाकणहून शिक्रापूरमार्गे शिरूर तालुक्यात गेलं की घोड नदीकाठी. 1968 पासून बरीच वर्षं डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी आणि विद्यार्थ्यांबरोबर तिथे खणलं. शंभरावर घरं, धान्याचं कोठार, पुराचं पाणी वळवायला कालवा आणि बांध. (सिव्हिलवाल्यांनो, तीन हजार वर्षांपूर्वी!) लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातच पुरलेलं, मोठ्या माणसांची पावलं तोडलेली. खापरं, हाडं, जळके दाणे सगळं तपासायला त्यांनी वेगवेगळ्या विषयांची माणसं जमवली. नुसता इतिहासवाला हे करू शकलाच नसता.

आता करिअर. तिथे एम.ए.ला कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट जाऊ शकतो, म्हणजे बी.ई.सुद्धा. फील्डवर्क मात्र टाळता येत नाही. तंबूत राहायचं आणि उन्हात चराच्या कडेला बसून थर काढायचे. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व खातं, म्युझियम, किंवा नेट देऊन प्राध्यापकी. जागा थोड्या, वाट बघणं जास्त. घरी हे सांगून बघा! तरी टोटल स्टेशन आणि जीआयएस येणाऱ्याला उत्खननावर काम असतं, आणि ते आपल्याला येतं.

सांकलियांना 1974 ला पद्मभूषण मिळालं. इनामगावचा जाडजूड अहवाल 1988 मध्ये बाहेर आला, आणि 28 जानेवारी 1989 ला ते गेले.